हॅन्कॉक शेकर व्हिलेज: फर्निचर नंतर बघा, आधी दरवाजे मोजा

बर्कशायरला फॉल कलर्स बघायला जाणारी मराठी मंडळी दरवर्षी ढिगाने असतात आणि सगळ्यांचे फोटो सेम असतात. लाल झाडं, पिवळी झाडं, आणि रूट २० वरून जाताना दिसणारा एक भला मोठा गोल दगडी गोठा, ज्याच्यासमोर गाडी थांबवून दोन सेल्फी काढायचे आणि पुढे निघायचं. तर पुढे निघू नका. तो गोठा हॅन्कॉक शेकर व्हिलेजचा, म्हणजे शेकर या ब्रह्मचारी ख्रिश्चन पंथाचं जुनं गाव, आता म्युझियम झालेलं. तिकीट काढा आणि आत जा. मी सासूबाई, नवरा आणि कॉलेजला जाणारी लेक अशी तीन पिढ्यांची वरात घेऊन गेले होते आणि परत येताना गाडीत जी भांडणं झाली ना (चांगल्या अर्थाने), तशी कुठल्याच म्युझियमने आजवर लावून दिली नव्हती. रिव्ह्यू लांबलाय, आधीच सांगते.

कुठे आहे वगैरे पटकन. मॅसॅच्युसेट्समधलं पिट्सफील्ड, बॉस्टनहून अडीच तास, न्यूयॉर्कहून तीन-साडेतीन, ऑल्बनीहून पाऊण तास. हिवाळ्यात जाऊ नका, सीझन साधारण एप्रिलपासून फॉलपर्यंत असतो, तारखा आणि तिकीट त्यांच्या वेबसाईटवर बघून घ्या. लहान मुलं असतील तर एप्रिलमध्ये जा, तेव्हा कोकरं-करडं-वासरं बघायला मिळतात. वीसेक जुन्या इमारती आहेत, शेती चालू आहे, जनावरं आहेत, चालणं बऱ्यापैकी आहे. अर्धा दिवस तरी हातात ठेवा.

आता मेन मुद्दा. शेकर म्हटलं की लोकांना खुर्च्या आठवतात. साध्या सरळ लाकडी खुर्च्या, अंडाकृती डबे, भिंतीवर ओळीने खुंट्या, आणि केर काढताना खुर्च्या उचलून त्या खुंट्यांवर उलट्या टांगायच्या. डिझाईनवाली मंडळी तर या फर्निचरसाठी वेडी होतात. पण मला विचाराल तर फर्निचर हा तिथला सगळ्यात कमी इंटरेस्टिंग भाग आहे. इमारतींचे दरवाजे बघा. एक पुरुषांचा, एक बायकांचा. आत गेलात की जिने पण दोन. जेवायची टेबलं वेगळी. नियम असे की जिन्यात ब्रदर (पंथातला पुरुष) आणि सिस्टर (पंथातली बाई) यांनी एकमेकांना ओलांडून जायचं नाही, हातात हात घ्यायचा नाही, दोघांनीच कुठे थांबायचं नाही. हे वाचल्यावर नवरा म्हणाला, हे तर आपल्याकडच्या जुन्या होस्टेलपेक्षा कडक आहे. आणि गंमत अशी की एवढी फाळणी करणारे हेच लोक त्या काळातल्या अमेरिकेत बायकांना सगळ्यात जास्त अधिकार देणारे होते. हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते समजून घ्यायलाच इथे जायचं.

थोडी बॅकग्राऊंड देते, नाहीतर आत गेल्यावर नुसते झाडू बघून बाहेर याल. अ‍ॅन ली नावाची एक बाई, १७३६ चा जन्म, इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या लोहाराची मुलगी, गिरणीत काम केलेली. लग्न झालं, चार मुलं झाली, चारही लहानपणीच गेली. ती एका छोट्या पंथात गेली जिथे लोक अंगात आल्यासारखे थरथरत, नाचत प्रार्थना करायचे, शेकर हे लोकांनी चिडवायला ठेवलेलं नाव. १७७० च्या सुमाराला तुरुंगात असताना तिला साक्षात्कार झाला की सगळ्या पापाचं मूळ स्त्री-पुरुष संबंधात आहे, म्हणून ब्रह्मचर्य. आता त्या बाईच्या चार बाळंतपणांकडे आणि चार मेलेल्या लेकरांकडे बघून हा साक्षात्कार कुठून आला असेल असा विचार मनात येतोच, सासूबाई तर बोर्ड वाचून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "सुटली बिचारी." १७७४ मध्ये ती आठ जणांना घेऊन न्यूयॉर्कला आली, पुढे ऑल्बनीजवळ वस्ती केली, आणि १७८४ मध्ये वारलीसुद्धा. म्हणजे अमेरिकेत फक्त दहा वर्षं, त्यातही जमावाकडून मार खाणं. पीटरशॅम नावाच्या गावात तर जमावाने तिला घरातून फरफटत बाहेर काढलं, ही खरंच बाई आहे का ते बघायचं म्हणून!! प्रवचन करणारी बाई लोकांच्या डोक्यात बसतच नव्हती.

आणि तिचं स्वतःचं उत्तर काय होतं ते ऐका, मला हा किस्सा प्रचंड आवडतो. जोसेफ मीचम नावाचा एक बॅप्टिस्ट प्रचारक, त्याने आपल्या माणसामार्फत विचारलं की सेंट पॉल तर सांगतो बायकांनी चर्चमध्ये गप्प बसावं, मग तुमची पुढारी बाई कशी? अ‍ॅन ली म्हणाली (थोडक्यात सांगते) की घरात कर्ता पुरुष असेल तर कारभार त्याचा, पण तो घरी नसेल तर कारभार बायकोचा, पोरांचा नाही. ख्रिस्त आत्ता इथे नाही, म्हणून मी बघते! म्हणजे तिने बंड वगैरे केलंच नाही, समोरच्याचाच घरगुती नियम उचलला आणि त्याच्याच गळ्यात घातला. मीचमला पटलं, तो शेकर झाला, आणि पुढे पंथाचा प्रमुख झाल्यावर त्याने काय केलं तर आपल्या बरोबरीने ल्युसी राइट या बाईला नेमलं.

ही ल्युसी राइट पिट्सफील्डचीच, १७६० ची. विवाहित होती, नवराही पंथात आला, दोघं ब्रह्मचारी झाले. मीचम १७९६ मध्ये वारला आणि त्यानंतर १८२१ पर्यंत पंचवीस वर्षं या बाईने अख्खा पंथ चालवला. १८०५ च्या १ जानेवारीला तिच्या काळातच तिघं प्रचारक न्यू लेबननहून (न्यूयॉर्क राज्यातलं पंथाचं मुख्य ठाणं) पायी निघाले, केंटकी-ओहायोकडे, आणि पंथ पश्चिमेला पसरला. आणि हे केव्हा, तर जेव्हा लग्न झालेल्या अमेरिकन बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येत नव्हती, करारावर सही करता येत नव्हती, कमावलेला पगार कायद्याने नवऱ्याचा होता आणि पोरांचा ताबा बापाचा. न्यूयॉर्क राज्यात विवाहित बायकांच्या मालमत्तेचा कायदा यायला १८४८ उजाडलं. शेकरांकडे मात्र प्रत्येक 'फॅमिली'ला (फॅमिली म्हणजे रक्ताची नाही, पन्नास-शंभर जणांचं एकत्र बिऱ्हाड) दोन एल्डर आणि दोन एल्ड्रेस (पुढारी पुरुष आणि पुढारी बायका), रोजचा कारभार बघणारे डीकन तशा डीकनेस. देव पण त्यांच्या मते पिता आणि माता दोन्ही. हे सगळं वाचून माझी लेक एकदम खूष, म्हटली आई हे तर फेमिनिस्ट होते. म्हटलं थांब, आधी खाली तळघरात जाऊन येऊ.

ब्रिक ड्वेलिंग म्हणजे राहायची विटांची मोठी इमारत, १८३० ची. साधारण शंभर जण राहायचे. ३६९ ड्रॉवर आहेत, खरंच, बांधणाऱ्याने पत्रात मोजून लिहून ठेवलेत, भिंतीतच बसवलेले, एकही वाकडा नाही. पण स्वयंपाकघर तळमजल्याच्याही खाली आहे आणि तिथे मी सगळ्यात जास्त वेळ काढला. झऱ्याचं पाणी नळाने आत आणलेलं, भिंतीत बांधलेल्या भट्ट्या, मोठमोठे हंडे बसवायच्या चुली, आणि शिजवलेलं वर जेवणघरात पाठवायला दोरीवर वर-खाली सरकणारी दोन कपाटं, म्हणजे जिना चढायची कटकटच नाही. १८३० मध्ये! हे बघून सासूबाईंनी तिथेच उभं राहून विचारलं, "पण अगं, स्वयंपाक कोण करायचं मग?" अगदी बरोबर प्रश्न. बायकाच करायच्या. पाळ्या लावलेल्या असायच्या, त्यामुळे एकीच्याच डोक्यावर जन्मभर चूल नाही हे खरं, पण पाळीत पुरुषांची नावं नाहीत. धुणं, शिवण, माग, दूधदुभतं, बियांची पाकिटं भरणं सिस्टर्सकडे, शेती, सुतारकाम, चामडं कमावणं, झाडू बांधणं ब्रदर्सकडे. एवढंच नाही, प्रत्येक सिस्टरला एक ब्रदर नेमून दिलेला असायचा, त्याचे कपडे धुतले-रफू केले की नाही ते तिने बघायचं, तो बदल्यात तिच्या सुतारकामाच्या वगैरे बारीकसारीक गोष्टी करून द्यायचा. म्हणजे नवरा काढला, नवऱ्याचे कपडे राहिले! लेक गप्प झाली, सासूबाई हसायला लागल्या.

माझं मत असं झालं की शेकरांनी बाईला अधिकार दिला तो कामाची वाटणी बदलून नाही दिला, लग्न आणि बाळंतपण वजा करून दिला. त्या काळात बाईचं आयुष्य म्हणजे दर दोन वर्षांनी पाळणा आणि त्यातलं एखाद-दुसरं मूल दगावणं, तिथे हा सौदा कित्येक बायकांना परवडणारा वाटला असणार. एकट्या विधवेला, नवऱ्याने टाकलेलीला, अनाथ पोरीला इथे छप्पर, दोन वेळचं जेवण, स्वच्छ कपडे आणि म्हातारपणी सांभाळणारी माणसं मिळत होती. पंथात बायकांची संख्या पुढे पुढे पुरुषांपेक्षा वाढतच गेली त्यात नवल नाही.

बरं, पूर्ण वेगळे पण राहायचे नाहीत. १७९३ पासून 'युनियन मीटिंग' सुरू झाल्या. एका खोलीत ब्रदर्सची एक रांग, समोर पाचेक फुटांवर सिस्टर्सची रांग, आणि तासभर गप्पा. विषय ठरलेले असे नाहीत, हवापाणी, शेती, गाणी, कधी पाईपसुद्धा ओढायचे. आठवड्यातून दोन-तीनदा. बेडरूममध्येच व्हायच्या या मीटिंगा, आपण त्या खोल्यांमधून फिरतो तेव्हा मधलं अंतर डोळ्यांनी मोजून बघा. मला तरी ते फार मानवी वाटलं, म्हणजे नियम करणाऱ्यालाही कळलं होतं की माणसं बोलल्याशिवाय राहणार नाहीत, मग ते सगळ्यांसमोर तरी होऊ दे.

गोल गोठा, ठीक आहे, सांगते, कारण सगळे त्याच्यासाठीच येतात. १८२६ चा, २७० फूट घेर, ५२ गाई मावायच्या. गाड्या वरच्या मजल्यावर आत येऊन गोल फिरून मधल्या खळग्यात गवत टाकून बाहेर जायच्या, उलटं वळवायची गरज नाही, खाली गाई पंगतीत बसल्यासारख्या तोंडं मध्याकडे करून उभ्या, शेण त्याच्याही खाली पडायचं. १८६४ मध्ये जळाला, परत उभा केला. सुंदर आहे, फोटो काढा. आत उभं राहून वर छताकडे बघायला विसरू नका.

मीटिंगहाऊस म्हणजे प्रार्थनेची जागा, पांढरी. हॅन्कॉकची मूळची १९३८ मध्ये पाडली होती, ही शर्ली नावाच्या दुसऱ्या शेकर वस्तीतून १९६२ मध्ये उचलून आणलेली आहे, पण काळ साधारण तोच, ही १७९० च्या दशकातली. मध्ये खांब नाहीत कारण नाचायला मोकळी जमीन हवी. दोन बाजूंनी दोन रांगा, पुढे-मागे, गोलात, पण एकमेकांना शिवायचं नाही. बाहेरची माणसं रविवारी हे बघायला घोडागाड्या करून यायची, टूरिझम तेव्हापासून आहे म्हणा!

आता एक गोष्ट, जी मी परत आल्यावर शोधून वाचली आणि जाण्याआधी वाचली असती तर अजून मजा आली असती, म्हणून तुम्हाला आधीच देते. युनिस चॅपमन. न्यूयॉर्क राज्यातली बाई, नवरा जेम्स तिला सोडून गेला, वॉटरव्हलीटच्या शेकरांत सामील झाला आणि १८१४ मध्ये तिची तीन मुलं घेऊन गेला. कायद्याने मुलं बापाची, त्यामुळे ती दारात जाऊन रडण्यापलीकडे काही करू शकत नव्हती. पण ही बाई रडत बसली नाही, तिने पत्रकं छापली, विकली, ऑल्बनीला जाऊन विधानसभेतल्या एकेका माणसाला गाठलं, आणि १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने तिच्या एकटीसाठी स्पेशल कायदा करून तिचं लग्न मोडलं. मुलं तोवर न्यू हॅम्पशायरमधल्या एनफील्डला हलवली होती, तिथेही गेली, आणि मुलं मिळवली. म्हणजे बघा, ज्या पंथाची प्रमुख एक बाई आहे त्याच पंथाविरुद्ध एक आई लढतेय आणि दोघींच्या मध्ये कायदा पुरुषाचा. यात बरोबर कोण यावर आमच्याकडे गाडीत स्प्रिंगफील्ड येईपर्यंत वाद चालला होता. लेक युनिसच्या बाजूने, सासूबाई आश्चर्य म्हणजे ल्युसी राइटच्या बाजूने ("तिने तरी काय करायचं, नवऱ्यानेच आणून सोडली ना पोरं"), नवरा जीपीएसच्या बाजूने.

आणि शेकर काही एकटेच असले प्रयोग करत नव्हते. १८०० ते १८५० च्या अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, धर्माचं नुसतं वारं सुटलं होतं आणि प्रत्येक नवा पंथ आधी नवरा-बायकोच्या नात्याला हात घालत होता. ओनायडा नावाच्या एकत्र राहणाऱ्या पंथाने १८४८ मध्ये शेकरांच्या बरोब्बर उलटं केलं, सगळ्यांचं लग्न सगळ्यांशी, बायकांनी केस कापले, आखूड स्कर्ट आणि खाली पँट घातल्या, पण सूत्रं हातात एका पुरुषाच्या, जॉन हंफ्री नॉइजच्या. मॉर्मन १८३० मध्ये सुरू झाले आणि पुढे बहुपत्नीत्वाकडे गेले. मॅनहॅटनमध्ये १८३० च्या दशकात मथायस नावाचा एक स्वयंघोषित प्रेषित होता, बायकांनी उपदेश करणं म्हणजे घोर पाप असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या घरात राबणारी कृष्णवर्णीय बाई इझाबेला पुढे १८४३ मध्ये सोजर्नर ट्रुथ हे नाव घेऊन गुलामगिरीविरुद्ध आणि बायकांच्या हक्कांसाठी देशभर भाषणं करत फिरली. बसा आता! दुसरीकडे मेनस्ट्रीम चर्चमध्ये आणि मासिकांत सांगणं चालू होतं की बाईचं खरं राज्य घर, धर्म आणि मुलं, बाहेरचं जग पुरुषाचं. गिरण्यांमध्ये पोरी कामाला जायला लागल्या होत्या, बाप-नवरे शेत सोडून पगारावर जायला लागले होते, जुनं घर मोडत होतं, त्यामुळे नवं घर कसं असावं याचे हे सगळे वेगवेगळे अर्ज होते असं मला वाटतं.

परत म्युझियमकडे. जे चुकवू नये ते म्हणजे 'ट्री ऑफ लाइफ' हे चित्र. हॅना कोहून नावाची सिस्टर, १८१७ मध्ये दोन मुलांना घेऊन हॅन्कॉकला आली होती, आणि तिने १८५४ मध्ये साठी उलटल्यावर हे काढलं. १८३७ पासून शेकरांमध्ये एक विचित्र काळ आला, आधी वॉटरव्हलीटच्या लहान मुलींच्या अंगात यायला लागलं, मग सगळीकडे, आत्मे संदेश देतायत, गाणी देतायत, चित्रं देतायत. हॅन्कॉकवाले तर वरच्या डोंगरावर जाऊन न दिसणारं जेवण जेवायचे. आणि हे संदेश ज्यांच्यामार्फत येतात त्यात बहुतेक बायका आणि तरुण मुली. म्हणजे एल्ड्रेस नसलेल्या साध्या सिस्टरला पण बोलायची, चित्र काढायची जागा मिळाली, एरवी जिथे भिंतीवर चित्र लावायलाच मनाई होती. हॅनाने तर खाली आपलं नाव लिहिलं, जे शेकर सहसा करत नाहीत. हिरवी-लाल गोल फळं, चेकर्ड पानं, भडक. आपली वारली नाही, मधुबनी नाही, कशासारखंच नाही. त्या आखीवरेखीव तपकिरी खोल्यांतून फिरून आल्यावर हे रंग बघताना मला खरंच भरून आलं. मूळ चित्र नाजूक कागदावर आहे, तुम्ही जाल तेव्हा बाहेर मांडलेलं आहे का ते आधी विचारून घ्या.

रेटिंग म्हणाल तर म्युझियमला पाचपैकी पाच. गोष्टी सांगणारी मंडळी छान आहेत, आडवेतिडवे प्रश्न विचारले तरी वैतागत नाहीत, "मग ब्रह्मचर्य पाळून पंथ टिकणार कसा" हा प्रश्न त्यांना दिवसातून शंभरदा येत असेल तरी हसून उत्तर देतात (अनाथ मुलं आणि बाहेरून येणारे नवीन लोक, आणि ते दोन्ही आटले तसा पंथही आटला. हॅन्कॉकला १८३० च्या दशकात तीनशेच्या आसपास माणसं होती, १९६० मध्ये गाव बंद झालं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सिस्टर्स उरल्या होत्या. मेनमध्ये सबाथडे लेकला अगदी मूठभर शेकर अजून आहेत). शेकरांना स्वतःला मी साडेतीन देते, चुलीच्या पाळीत पुरुष न घातल्याबद्दल दीड कापला.

खाण्याचं मात्र घरून बघा. आम्ही गावात एके ठिकाणी जेवलो, नाव घेत नाही, व्हेजिटेरियन म्हटल्यावर त्यांनी चीज सँडविचमधलं चीज सोडून सगळं काढून आणलं. पराठे-लोणचं डब्यात नेलंत तर सुखी राहाल.

आणि वेळ असेल, म्हणजे राहायला थांबणार असाल तर, दुसऱ्या दिवशी रूट ७ ने वर विल्यम्सटाऊनला जा, तास लागत नाही. मराठी माणसाने तर जावंच. १८०६ मध्ये विल्यम्स कॉलेजची पाच पोरं वादळात गवताच्या गंजीखाली अडकली आणि तिथे प्रार्थना करता करता परदेशात मिशनरी पाठवायची कल्पना निघाली, त्याचं स्मारक तिथे आहे. त्यातून पुढे १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी पाठवणारी संस्था उभी राहिली, आणि त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला उतरला, तोच आपला अमेरिकन मराठी मिशन. मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली, आणि मुलींच्या शाळांवर देखरेख करायला १८२७ मध्ये न्यू हॅम्पशायरची सिंथिया फरार निघाली, बोर्डाने परदेशी पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित बायकांपैकी एक. हीच आपली नगरची मिस फरार. जोतीराव तिची शाळा बघून आले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं ट्रेनिंग तिच्याकडे झालं. शेकरांशी हिचा काही संबंध नाही, उलट बोर्डवाले शेकरांना पाखंडीच म्हणाले असते. पण दोन्हीकडे तेच, बाईला स्वतःचं काम हवं तर लग्न बाजूला ठेवावं लागलं. १८६२ मध्ये मिस फरार नगरलाच वारली. सासूबाई माहेरच्या नगरच्या, त्या स्मारकाजवळच्या बाकावर बसून त्यांनी थेट नगरला मावशींना व्हिडिओ कॉल लावला आणि पाऊण तास काही उठल्या नाहीत, तेव्हा पार्किंग दोन तासांचं तरी घ्या.